वाचकांचे प्रश्न : एका खुर्चीत बेस घुमतो, शेजारच्या खुर्चीत पोहोचतच नाही

होम थिएटरबद्दल येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : खोली तीच, सिनेमा तोच, पण बेस प्रत्येक खुर्चीत वेगळा. म्हणून हे सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण ते वगळू नका. पुढची बरीच उत्तरं त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : आमची खोली ६ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. भिंती पक्क्या आहेत, दार नीट बंद होतं. तीन-तीन खुर्च्यांच्या दोन रांगा आहेत. पहिली पडद्याच्या भिंतीपासून ३ मीटरवर, दुसरी ४.५ मीटरवर, ३० सेंटिमीटर उंच ओट्यावर. टोकाच्या खुर्च्या बाजूच्या भिंतींपासून १.२ मीटरवर येतात. सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर) एकच, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर स्फोटाचा दणका जाणवतच नाही, शेजारी मात्र बरा लागतो. मागच्या रांगेत खोल घुमारा भरपूर, पण ढोलाचा ठोका पोकळ. मोठा सबवूफर घ्यावा का?

उत्तर : मोठा घेऊ नका. तो याच कोपऱ्यात ठेवलात तर हीच तक्रार आणखी मोठ्या आवाजात ऐकू येईल. तुम्ही मापं इतकी नीट दिली आहेत की कारण कागदावरच सापडतं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट येरझारा घालते. काही ठरावीक कंपनसंख्यांना जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत अशी बसते की दाबाचा चढउतार जागच्या जागीच होत राहतो. यांना खोलीचे मोड म्हणतात. ध्वनीचा वेग (२० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर) भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागला की पहिला मोड मिळतो. तुमच्या खोलीत लांबीचा २८.६ हर्ट्झ, रुंदीचा ४०.८ आणि उंचीचा ६१. दुप्पट, तिप्पट कंपनसंख्यांनाही हेच होतं, म्हणजे लांबीत ५७ आणि ८६, रुंदीत ८२.

भिंतीपाशी प्रत्येक मोडचा दाब सर्वाधिक असतो. पहिल्या मोडचा दाब बरोबर मध्यावर शून्य होतो, दुसऱ्याचा पाव आणि पाऊण अंतरावर. आता खुर्च्या कुठे आहेत ते पाहा. पहिली रांग ३ मीटरवर, म्हणजे लांबीच्या मध्यावर. तिथे २८.६ हर्ट्झ नाही. मधली खुर्ची रुंदीच्याही मध्यावर, म्हणून तिथे ४०.८ हर्ट्झही नाही. स्फोटाचा दणका याच पट्ट्यात असतो. टोकाच्या खुर्च्यांवर ४०.८ हर्ट्झचा दाब भिंतीच्या तुलनेत सुमारे ६२ टक्के राहतो, म्हणून तिथे तो लागतो. दुसरी रांग ४.५ मीटरवर, म्हणजे अगदी पाऊण अंतरावर. तिथून ५७ हर्ट्झ गायब. शिवाय बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असतो, त्यात ओट्याचे ३० सेंटिमीटर मिळवले की १.४ मीटर, म्हणजे छताच्या उंचीच्या बरोबर निम्मे. उंचीचा ६१ हर्ट्झचा मोडही तिथे शून्य. ढोलाच्या ठोक्याला वजन देणारा पट्टा दोन्हीकडून कापला गेला आहे. लांबीचा पहिला मोड मात्र तिथे चांगला ७० टक्के आहे, म्हणून खोल घुमारा उरतो.

खुर्च्या सरकवून काही प्रमाणात साधतं. मागची रांग ३० सेंटिमीटर पुढे घेतली तर ५७ हर्ट्झचा दाब शून्यावरून भिंतीच्या तुलनेत तीस टक्क्यांवर येतो आणि फरक कानाला कळतो. पहिली रांग तेवढीच सरकवली तर २८.६ हर्ट्झला जेमतेम सोळा टक्के मिळतात. लाट जितकी लांब तितकं जास्त सरकावं लागतं, आणि एवढी जागा कोणाच्याच खोलीत नसते. म्हणून खरा उपाय सबवूफरच्या जागा आणि संख्या हाच.

पहिल्या मोडमध्ये पुढच्या भिंतीपाशी दाब वाढत असतो त्याच क्षणी मागच्या भिंतीपाशी तो घटत असतो. एकीला अधिक म्हणा, दुसरीला उणे. दोन्ही भिंतींच्या मध्यावर एकसारखे दोन सबवूफर ठेवून दोघांना एकच सिग्नल दिला की अधिक एक, उणे एक, बेरीज शून्य. २८.६ चा मोड उठतच नाही. दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ४०.८ लाही चालना मिळत नाही. एवढ्याने मधल्या खुर्चीचं दुखणं जातं. पण दुसऱ्या मोडमध्ये पुढची आणि मागची भिंत दोन्ही अधिक असतात, त्यामुळे ५७ उलट दुपटीने उठतो आणि मागच्या रांगेची तक्रार आहे तशीच राहते.

बाजूच्या दोन भिंतींच्या मध्यावर आणखी दोन ठेवले की चित्र बदलतं. लांबीच्या मध्यावर दुसरा मोड उणे असतो. म्हणजे ५७ हर्ट्झसाठी अधिक दोन, उणे दोन, शून्य. रुंदीच्या ८२ ला हाच हिशेब उलट बाजूने लागू होतो. तुमच्या खोलीत आडव्या दिशांचा शिल्लक राहणारा पहिला मोड ५७ आणि ८२ यांच्या जोडीचा, सुमारे १०० हर्ट्झचा. नेहमीच्या ८० हर्ट्झ क्रॉसओव्हरच्या (ज्या कंपनसंख्येखालचा आवाज सबवूफरकडे जातो तिच्या) तो वर राहतो. हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोल्यांसाठी हीच रचना वरच्या क्रमांकावर आली. चारपेक्षा जास्त सबवूफरनी फारसा फायदा दिसला नाही, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर चारांच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचले. तुमची मागची रांग पाऊण अंतरावर नसती तर आम्हीही दोनच सुचवले असते.

याची किंमत मोजावी लागते ती आवाजाच्या पातळीत. मोड उठला की खोली त्या कंपनसंख्येला फुकट जोर देते. तो दाबला की तो जोरही जातो, म्हणून चारही सबवूफरमध्ये ताकद शिल्लक हवी. चार कोपऱ्यांत ठेवले तर जोर सर्वांत जास्त मिळतो आणि २८.६ व ४०.८ तिथेही कटतात, पण ५७ आणि ८२ चौघे मिळून उठवतात. तुमची मागची रांग आहे तिथेच ठेवणार असाल तर कोपरे घेऊ नका.

राहिला उंचीचा ६१ हर्ट्झ. जमिनीवरचे सगळे सबवूफर तो उठवतातच. ओटा १५ सेंटिमीटर कमी करून फारसं साधत नाही. आधी चारही जमिनीवर ठेवून मोजा. ५७ चा खड्डा भरल्यावर ६१ चा एकटा खड्डा बऱ्याचदा सोसण्याजोगा असतो. तरीही खुपला तर बाजूच्या भिंतींवरचे दोन छतालगत न्या, पुढचा-मागचा खालीच ठेवा. दोन खाली, दोन वर म्हणजे ६१ कटतो आणि आडव्या मोडांचा हिशेब बिघडत नाही. त्या बदल्यात ८४ हर्ट्झच्या आसपास एक जोडमोड (दोन दिशांच्या मोडांचा मिळून झालेला) जागा होतो. तो क्रॉसओव्हरच्या काठावर पडतो, म्हणून त्यानंतर पुन्हा मोजणं आलंच.

प्रश्न : पुढच्या भिंतीच्या मध्यावर आमचं दार आहे. सबवूफर ६० सेंटिमीटर बाजूला सरकवावा लागतो. सगळी रचना वाया गेली का?

उत्तर : नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर तर हिशेबातही धरू नका. ६० सेंटिमीटरने मात्र रुंदीचा पहिला मोड पुन्हा जागा होतो. अशा वेळी पुढचा जितका डावीकडे गेला तितकाच मागचा उजवीकडे सरकवा. रुंदीच्या मोडसाठी एक अधिक, एक उणे होऊन बेरीज पुन्हा शून्य होते. पण लांबी-रुंदीच्या जोडीचा मोड थोडा उठतो (पहिल्या प्रश्नातल्या खोलीत तो ५० हर्ट्झच्या आसपास आहे), आणि तो टोकाच्या खुर्च्यांवर जास्त जाणवतो. दोन्ही एकाच बाजूला सरकवले तर उलटं होतं : जोडमोड कटतो, रुंदीचा उठतो. दोन्ही मांडण्या अर्ध्या तासात मोजून होतात. मोजा आणि ठरवा.

प्रश्न : रिसीव्हरचं (स्पीकरना सिग्नल देणाऱ्या यंत्राचं) ऑटो-कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने मोजून आवाज आपोआप जुळवणं, चालवलं. ॲपमधली रेघ जवळपास सरळ दिसते. तरी सोफ्याच्या टोकाला बेस अंगावर येतो आणि मधे कमी पडतो. कॅलिब्रेशन चुकलं का?

उत्तर : बहुधा चुकलं नाही, पण त्याच्याकडून जे होणार नाही ते तुम्ही मागत आहात. कॅलिब्रेशन ज्यातून काम करतं तो इक्वलायझर सबवूफरकडे जाणारा सिग्नल बदलतो. ४० हर्ट्झ ५ डेसिबलने खाली आणला की तो सगळ्या खुर्च्यांवर ५ डेसिबलनेच खाली येतो. दोन खुर्च्यांमध्ये १२ डेसिबलचा फरक होता, तर नंतरही १२ चाच राहतो. ॲपमधली रेघ सरासरीची असते, आणि एका खुर्चीतला डोंगर दुसरीतल्या दरीने भरून निघाला की सरासरी सपाट दिसते.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानाची आहे. मुख्य खुर्ची एखाद्या मोडच्या शून्यावर असेल आणि इक्वलायझर तो खड्डा भरायला निघाला, तर ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती लागते, १० डेसिबलला दहापट. एवढी शक्ती ओतूनही त्या खुर्चीत फारसं काही येत नाही, कारण तिथे तो मोड नाहीच. शेजारच्या खुर्च्यांतल्यांच्या कानाला मात्र ती सगळी बसते आणि सबवूफरचा कोन मर्यादेबाहेर हलून खरखरतो. वाढ ३ डेसिबलच्या आत ठेवा. सगळ्या खुर्च्यांत एकाच ठिकाणी दिसणारं शिखर मात्र बिनधास्त कापा. इक्वलायझर त्याच्यासाठीच आहे. म्हणून क्रम असा : आधी जागा, मग पातळी आणि डिले (सिग्नलला मुद्दाम दिलेला उशीर), इक्वलायझर शेवटी.

प्रश्न : तुम्ही सांगता तसे पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले. नुसते जोडले तेव्हा छान वाटलं. कॅलिब्रेशननंतर फरक उलट वाढला. असं कसं?

उत्तर : रिसीव्हरने दोघांना वेगवेगळं अंतर दिलं असणार. मेनूत जाऊन पाहा. समजा खोली ६ मीटरची आणि मुख्य खुर्ची पुढच्या भिंतीपासून ४ मीटरवर आहे. पुढचा सबवूफर ४ मीटरवर, मागचा २ मीटरवर. दोघांचा आवाज खुर्चीपाशी एकाच वेळी पोहोचावा म्हणून रिसीव्हर मागच्याला जवळजवळ ६ मिलिसेकंद थांबवतो. एका खुर्चीसाठी हे बरोबर आहे. पण २८.६ हर्ट्झला ६ मिलिसेकंद म्हणजे ६० अंशांचा कोन, आणि ६० अंशांनी सरकलेले अधिक एक आणि उणे एक मिळवले की उत्तर शून्य न येता एक येतं. म्हणजे तो मोड एकट्या सबवूफरइतकाच उठतो, आणि दुसरा विकत घेऊन त्या कंपनसंख्येला काहीच मिळालं नाही.

समोरासमोरच्या सममित रचनेत दोघांना तोच सिग्नल, तीच पातळी आणि तोच डिले हवा. सर्वांत सोपं म्हणजे रिसीव्हरच्या एकाच सबवूफर आउटपुटमधून वाय-केबलने (एकाचे दोन फाटे करणाऱ्या) दोन्हीकडे सिग्नल न्या. मग रिसीव्हरला दोन सबवूफर आहेत हे कळतच नाही. दोन आउटपुट वापरायचेच असतील तर कॅलिब्रेशननंतर दोन्हीची अंतरं हाताने सारखी करा. पातळी जुळवताना खुर्चीतून मोजू नका. प्रत्येक सबवूफरच्या कोनसमोर ३० सेंटिमीटरवर माइक धरून दोन्ही सारखे करा. नॉबवरचे आकडे सारखे असले तरी आवाज सारखा असतोच असं नाही. सबवूफरवरचा फेज (लाट चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलणारा नॉब दोन्हीकडे शून्यावर आणि त्याचा स्वतःचा लो-पास (वरचा आवाज कापणारा) नॉब पूर्ण वर असला पाहिजे. हा नॉब एकाचा ८० वर आणि दुसऱ्याचा १२० वर राहिला की दोघांचा फेज वेगळा पडतो, आणि दिवसभर शोधूनही कारण सापडत नाही.

प्रश्न : घरी स्वतः मोजायचं तर नेमकं काय करायचं?

उत्तर : एक यूएसबी मापन-माइक (स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसह), आडव्या दांड्याचा स्टँड, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम. फोनमधला माइक यासाठी चालत नाही, त्यात खालचा बेस कापलेला असतो.

माइक कानाच्या जागी ठेवा, खुर्चीच्या पाठीच्या पुढे, डोकं जिथे येईल तिथे. उंची टेपने मोजा, अंदाजाने नको. पंखा, एसी, फ्रीज बंद. रिसीव्हरचा इक्वलायझर आणि आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयी बंद. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, म्हणजे सबवूफरला थेट एलएफई (सिनेमातल्या खास बेसच्या) चॅनलमधून सिग्नल देता येतो. स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा स्वर) १५ ते २०० हर्ट्झ, पातळी ७५ ते ८० डेसिबल. पातळी फार कमी ठेवली तर २० हर्ट्झच्या आसपास खोलीचाच गोंगाट मोजला जातो.

प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेळ-संदर्भ चालू करा आणि त्यासाठी पुढचा एकच स्पीकर नेमा. प्रत्येक स्वीपआधी त्यातून एक बारीक चिवचिवाट येतो, त्यावरून सबवूफरचा आवाज किती उशिरा आला ते ठरतं. काम संपेपर्यंत हा स्पीकर बदलू नका, हलवू नका, त्याचं अंतर आणि पातळी बदलू नका. हे पाळलं नाही तर आलेख चांगले दिसतात, पण त्यातला फेज निरुपयोगी असतो.

मग प्रत्येक सबवूफर एकटा, प्रत्येक खुर्चीत. चार सबवूफर आणि सहा खुर्च्या म्हणजे चोवीस स्वीप. शेवटी सगळे एकत्र, सहाही खुर्च्यांत. नाव लगेच द्या, जसं ‘पुढचा-दुसरी रांग-डावी’. नंतर आठवत नाही. प्रत्येक स्वीपआधी तो सबवूफर खरंच जागा आहे ना ते पाहा. ऑटो-स्टँडबायवाले सबवूफर मधेच झोपतात आणि तो आलेख १५ डेसिबल खाली जातो.

वाचताना आलेख फार गुळगुळीत करू नका. एक-चोविसांश सप्तकापर्यंत (सप्तक म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होईपर्यंतचा पट्टा) ठीक, एक-तृतीयांशाने खड्डेच दिसेनासे होतात. सहाही खुर्च्यांच्या रेघा एकावर एक ठेवा आणि २५, ३१.५, ४०, ५०, ६३, ८० हर्ट्झला सर्वांत वरच्या आणि खालच्या रेघेतलं अंतर कागदावर लिहा. हे सहा आकडे हेच तुमचं प्रगतिपुस्तक. सगळीकडे अंतर ६ डेसिबलच्या आत आलं तर उत्तम, ८-९ पर्यंत सिनेमा सुखाने पाहता येतो, त्यापुढे खुर्ची बदलली की वेगळा सिनेमा ऐकतोय असं वाटतं. या टप्प्यावर रेघ सपाट आहे की नाही ते पाहू नका. सहाही रेघा एकसारख्या वेड्यावाकड्या असल्या तरी चालेल, ते इक्वलायझर सरळ करेल.

प्रश्न : आमची बैठकीची खोली एका बाजूने जेवणघराला उघडी आहे, आकार एल. भिंतीचा मध्य कुठला मानायचा?

उत्तर : मानू नका. अधिक-उण्याचा हिशेब बंद आयतालाच नेमका लागू होतो. उघड्या खोलीत मोड वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या आकाराचे बसतात आणि ते मोजल्याशिवाय कळत नाहीत. इथे तीन-चार सबवूफर लांब लांब आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवा : एक कोपऱ्यात, एक भिंतीच्या मध्याजवळ, एक सोफ्यामागे. दोन सबवूफर शेजारी-शेजारी ठेवल्याने आवाज वाढतो, समानता वाढत नाही.

मग प्रत्येकाची पातळी, डिले आणि फिल्टर वेगवेगळे ठरवायचे. इथे सममिती नाही, त्यामुळे आधीच्या उत्तरातला ‘सगळं सारखं’ हा नियम इथे नाही. त्यासाठी दोन इनपुट, चार आउटपुटचा मिनीडीएसपीसारखा प्रोसेसर लागतो. वर सांगितलेली सगळी मापनं फेजसह मल्टी-सब ऑप्टिमायझर या मोफत प्रोग्रॅमला द्या. तो हजारो जोड्या तपासून खुर्च्यांमधला फरक कमीत कमी करणारे आकडे काढतो. मोकळं सोडलं तर तो वेड्यासारखे फिल्टर लावतो, म्हणून आधीच मर्यादा घाला : डिले २० मिलिसेकंदांच्या आत, प्रत्येक सबवूफरला चार ते सहा फिल्टर, वाढ ३ डेसिबलपर्यंत.

आकडे प्रोसेसरमध्ये भरल्यावर पुन्हा मोजा. प्रोग्रॅमचा अंदाज आणि प्रत्यक्ष आलेख एक-दीड डेसिबलच्या आत जुळायला हवेत. जुळत नसतील तर वेळ-संदर्भात गडबड झाली आहे, मापनं नव्याने घ्या. आणखी एक तपासणी करा : सगळे एकत्र वाजताना एखाद्या पट्ट्यात पातळी एकट्या सर्वांत मोठ्या सबवूफरपेक्षा खाली गेली, तर ते एकमेकांना खात आहेत. कागदावर रेघा सारख्या दिसतात, पण दणका उरत नाही.

प्रश्न : कोपऱ्यांत फोमचे त्रिकोणी ठोकळे लावले. बेसमध्ये काहीच बदल नाही.

उत्तर : होणारही नव्हता. सच्छिद्र पदार्थ लाट शोषतो तो हवा जिथे वेगाने हलते तिथे, म्हणजे भिंतीपासून पाव लाटेवर. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची, पाव म्हणजे दोन मीटरहून जास्त. ३० सेंटिमीटरचा ठोकळा तिथे काय करणार! एवढ्या खाली काम करतात ते विशिष्ट कंपनसंख्येला जुळवलेले पडद्याचे किंवा पोकळीचे शोषक. ते मोठे असतात आणि जुळवायला कौशल्य लागतं. फोम काढू नका, तो वरच्या आवाजाला उपयोगी आहे.

प्रश्न : जुना पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला) सबवूफर होता, आता बंद पेटीचा घेतला. दोन्ही लावले की २० हर्ट्झच्या आसपास बेस वाढण्याऐवजी कमी होतो.

उत्तर : पोर्टवाला सबवूफर पोर्टच्या कंपनसंख्येखाली सप्तकाला २४ डेसिबलने उतरतो, बंद पेटीचा १२ ने. उताराबरोबर फेजही वेगळा फिरतो आणि पोर्टच्या कंपनसंख्येखाली दोघे जवळजवळ उलट दिशांनी ढकलू लागतात. खोलीच्या पहिल्या मोडच्या खाली सगळी खोली एकदमच दाबली-सोडली जाते, त्यामुळे ही वजाबाकी सगळ्या खुर्च्यांत सारखीच ऐकू येते आणि जागा बदलून सुटत नाही. उत्पादकाने पोर्टचे बोळे दिले असतील तर ते घट्ट बसवा आणि सबवूफरवर ‘बंद पेटी’चा पर्याय असेल तर तो निवडा. पोर्टच्या कंपनसंख्येच्या आसपास आवाज घटेल, पण दोघे एकत्र ढकलतील. बोळे बसत नसतील तर एक सबवूफर विकून दुसऱ्याची जोडी करणं हाच व्यवहार.

प्रश्न : सध्या एकच सबवूफर परवडतो. निदान त्याची जागा तरी?

उत्तर : सबवूफर खुर्चीवर ठेवून खोलीभर रांगत ऐकायची युक्ती खरी आहे. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधला प्रतिसाद तोच राहतो. पण ती एका खुर्चीपुरती आहे. तीन खुर्च्या असतील तर सबवूफर पाळीपाळीने तिन्हींवर ठेवा, संभाव्य जागी माइक जमिनीलगत सबवूफरच्या कोनच्या उंचीवर धरून मोजा, आणि तिन्ही रेघा जिथे सर्वांत जवळ येतात ती जागा घ्या. सर्वांत जोरात वाजते ती जागा घेऊ नका. ती बहुतेक वेळा कोपरा निघते.

प्रश्न : तुमच्या जुन्या सल्ल्याप्रमाणे चार सबवूफर लावले. सगळ्या खुर्च्यांत बेस सारखा झाला, पण सगळीकडेच ८० हर्ट्झला खड्डा आहे. एकटे सबवूफर मोजले की तो दिसत नाही.

उत्तर : म्हणजे सबवूफर आपसांत जुळले आहेत, स्पीकरशी जुळले नाहीत. क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात दोघेही वाजतात आणि फेज उलट पडला की एकमेकांना खोडतात. स्पीकर ‘स्मॉल’वर (म्हणजे त्यांचा खालचा बेस सबवूफरकडे वळवलेला) आहेत ना ते आधी पाहा. मग सेंटर स्पीकर आणि सगळे सबवूफर एकत्र स्वीप करा आणि रिसीव्हरमध्ये सबवूफरचं अंतर ३० सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी बदलत जा. प्रत्येक पायरी ८० हर्ट्झला सुमारे २५ अंश फिरवते, त्यामुळे दोन्ही दिशांना सात-आठ पायऱ्यांत सगळा फेरा होतो. ६० ते १०० हर्ट्झचा पट्टा जिथे सर्वांत भरलेला दिसेल तिथे थांबा. अंतर चारही सबवूफरचं एकत्र बदलायचं, एकट्याचं नाही. मग तोच आकडा ठेवून सहाही खुर्च्या तपासा, आणि डाव्या-उजव्या स्पीकरसह एकदा. मुख्य खुर्चीत सर्वोत्तम असलेला आकडा मागच्या रांगेत खड्डा पाडत असेल तर एक-दोन पायऱ्या मागे या. मुख्य खुर्चीतला एखादा डेसिबल गेला तरी हरकत नाही.